माळव्याचा हिशेब: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत जी पत्रं आली त्यात निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न होता, सोयाबीनमध्ये काही राहत नाही तर आता माळवं (भाजीपाला) लावू का. म्हणून यावेळी सगळी जागा माळव्यालाच दिली. नवीन वाचकांसाठी सांगते, आमचं रान सेलूकडं दुधनेच्या काठाला आहे, २००१ पासून माळवं करतेय, आधी पाच गुंठे होतं आता अडीच एकर आहे. जे सांगते ते बहुतेक स्वतःच्या रानात करून, काही वेळा नुकसान सोसून कळलेलं आहे.

प्रश्न: ताई नमस्कार. औसा तालुक्यातून (जि. लातूर) लिहितोय. पाच एकर काळं रान आहे, दरवर्षी सोयाबीन आणि मागं हरभरा. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता पण माझं मोंढ्यावर त्याच्या खालीच गेलं. आमच्या पाव्हण्यानं २०२३ च्या जुलैत टोमॅटोत चांगले पैसे केले. मी पण यंदा जानेवारीच्या शेवटी तीन एकर टोमॅटो लावायचं म्हणतोय. बोरला दोन इंची पाणी आहे. ठिबक नाही, करायचंय. घरचे नको म्हणतात. तुम्ही काय म्हणता?

उत्तर: दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण असंच पत्र मी २००४ ला कुणालातरी लिहिलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. लावू नका असं मी म्हणणार नाही. तीन एकर लावू नका आणि एका दिवशी लावू नका, एवढं मात्र ठामपणे म्हणते. का ते जरा सविस्तर सांगते.

आधी पाणी. दोन इंची पाणी आहे म्हणतो आपण पण त्यानं काहीच कळत नाही, पाईप दोन इंची असला तरी त्यातून किती येतं ते वेगळं. २०० लिटरचा ड्रम घ्या, मोटर चालू करून पहिला अर्धा तास पाणी जाऊ द्या, मग ड्रम लावा आणि मोबाईलवर वेळ बघा. समजा चार मिनिटांत भरला, तर तासाला ३००० लिटर झालं, आठ तास लाईट राहिली तर दिवसाला २४ हजार. आता पिकाकडून बघा. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४ हजार लिटर होतं. मार्च-एप्रिलमध्ये भरात आलेल्या टोमॅटोला दिवसाला पाच मिलिमीटर तरी धरा, म्हणजे एकरी २० हजार लिटर, आणि एप्रिल तापला की त्याहून जास्त. तीन एकराला झाले ६० हजार. तुमचा बोर असा भरला तर एका एकराला कसाबसा पुरतो, आणि हे माप आज घेतलं तर, एप्रिलमध्ये तोच ड्रम सहा मिनिटांत भरायला लागतो का आठ ते तुम्हालाच माहीत. मागच्या दोन-तीन उन्हाळ्यांत बोर कुठल्या महिन्यात उचक्या द्यायला लागला ते घरात विचारा, बायकांना बरोबर आठवतं. लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगणार, २०१६ च्या एप्रिलात मिरजेवरून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे ते.

दुसरी गोष्ट बाया. टोमॅटो भरात आला की एकरी एका तोड्याला १००-१२० कॅरेट निघतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत तोडा. तीन एकर एका दिवशी लावलं तर तिन्ही एकर एकाच दिवशी तोडायला येणार, साडेतीनशे कॅरेट. माझ्याकडं हात बसलेली बाई दिवसाला १२-१५ कॅरेट तोडते. म्हणजे पंचवीस-तीस बाया लागतील, दर चौथ्या दिवशी, न चुकता, गावात तितक्या आहेत का आणि त्यांना आणायला गाडी आहे का बघा. टोमॅटो थांबत नाही, एक दिवस उशीर झाला की लाल होऊन मऊ पडतो आणि लांबच्या मार्केटला जात नाही. पावसाळी टोमॅटो करायचा विचार असेल तर अजून एक बघा, तोडा ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि त्याच वेळी सगळ्या बाया सोयाबीन काढायच्या उक्त्यावर गेलेल्या असतात. उक्त्यात त्यांना दिवसाला जास्त पडतात मग तुमच्या रोजंदारीवर त्या कशा येतील, त्यांचंही बरोबरच आहे.

तिसरं भाव. २०२३ च्या जून ते ऑगस्टमध्ये टोमॅटो किरकोळीत शंभरच्या वर गेला हे खरं आहे. पण तो भाव बघून ज्यांनी लावला त्यांचा माल आला तेव्हा भाव कोसळलेला होता, सप्टेंबरात लोकांनी कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओतले. तुमच्या पाव्हण्याचा माल भावात सापडला कारण त्यांनी लावला तेव्हा भाव पडलेला होता आणि बाकीच्यांनी लावला नव्हता. हिशेब असा मांडा. रोपं, मल्चिंग (बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद), बांबू-तार, सुतळी, खतं, फवारे, मजुरी धरून एकरी दोन लाख सहज जातात (ठिबक यात धरलं नाही). चांगलं २५ टन उत्पन्न धरलं तर किलोला ८ रुपये, २० किलोच्या कॅरेटला १६० रुपये खर्च झाला. वर गाडीभाडं, हमाली. म्हणजे कॅरेट १९० च्या खाली गेला की तुम्ही घरातून पैसे घालताय. १०० ला गेला तर तोडणी आणि भाडं कसंबसं निघतं आणि ६० ला गेला तर तोडू नये. आणि २५ टन पहिल्या वर्षी निघत नाहीत हो, मला पहिल्या वर्षी निम्मेसुद्धा निघाले नव्हते.

२००४ ला मी सव्वा एकर टोमॅटो एका दिवशी लावला. माल छान आला. पण सगळा वीस-पंचवीस दिवसांत आला आणि नेमका त्याच दिवसांत सगळीकडचा आला. शेवटच्या एका गाडीची पट्टी (अडत्याकडून येणारा विक्रीचा हिशेब) आली त्यात भाडं आणि हमाली वजा जाऊन उलट आम्हीच अडत्याला १४० रुपये देणं निघालो. सासूबाईंनी काही न बोलता गाई रानात सोडल्या. त्या दिवसापासून मी एका दिवशी सगळं रान कधी लावलं नाही.

तर तुम्ही काय करावं. यंदा फक्त एक एकर माळव्याला काढा, बाकी चार एकर तुमचं नेहमीचं राहू द्या. त्या एकरात २० गुंठे टोमॅटो, तेही दोन टप्प्यांत, दहा गुंठे जानेवारीच्या शेवटी आणि दहा गुंठे तीन आठवड्यांनी. पाच फुटाचा बेड आणि दीड फुटावर रोप धरलं तर एकरी ५८०० रोपं बसतात, तुम्हाला २९०० लागतील. फार उशीर करू नका, मे महिन्यात ऊन ३८-४० च्या वर गेलं की फूल गळतं, सेटिंग होत नाही म्हणजे फळ धरत नाही. उरलेल्या २० गुंठ्यांत भेंडी आणि गवार करा, त्यांना तार-बांबू लागत नाही आणि घरच्या माणसांत तोडणं होतं. टोमॅटो संपला की तीच तार, तेच बांबू, तेच मल्चिंग ठेवून दोडका किंवा कारलं चढवा. टोमॅटोचा सांगाडा एकदा उभा केला की त्यावर दुसरं पीक काढल्याशिवाय मोडू नये, तिथंच खरा पैसा वाचतो.

ठिबकाला अनुदान आहे, लहान शेतकऱ्याला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के (केंद्र आणि राज्याचं मिळून), महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या वेबसाईटवर) अर्ज करायचा. एक लक्षात ठेवा, पूर्वसंमती आल्याशिवाय नळ्या विकत घेऊ नका, आधी घेतल्या आणि मग बिल लावलं असं चालत नाही. आणि अनुदान यायला वेळ लागतो, ते पैसे आलेच आहेत असं धरून रोपांची ऑर्डर देऊ नका.

घरचे नको म्हणतात असं लिहिलंय. त्यांना हा हिशेब वाचून दाखवा, मग विचारा की एक एकरात कोण काय करणार. माळवं एकट्या माणसाचं काम नाही, रोज रानात जावं लागतं आणि घरातलं माणूस मनानं सोबत नसेल तर दुसऱ्या महिन्यात दम निघतो.

प्रश्न: शेततळं घेतलं आहे, ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, प्लास्टिकचा कागद टाकलेला. यावर उन्हाळ्यात किती भाजीपाला होईल? (कळंब तालुका, जि. धाराशिव)

उत्तर: या मापाच्या तळ्यात काठोकाठ भरल्यावर २१९६ घनमीटर म्हणजे साधारण २२ लाख लिटर पाणी बसतं. ऐकायला खूप वाटतं. पण वरचा पसारा ९०० चौरस मीटरचा, उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर जरी उडालं तरी ७२०० लिटर रोज हवेत जातं, पाणी खाली गेल्यावर थोडं कमी होतं. एका एकराला रोज २० हजार आणि उडालेलं ७ हजार धरलं तर तळं ८० दिवसांत संपतं. म्हणजे एक एकर, अडीच-पावणेतीन महिने, त्याच्या पुढं नाही. मी तुमच्या जागी असते तर विहिरीत किंवा बोरला पाणी आहे तोवर तळ्याला हातच लावला नसता, मार्चनंतर काढलं असतं आणि ३० गुंठ्यांच्या वर लावलं नसतं. आणि तळ्याला चारी बाजूनं जाळी करा, एक टायर किंवा दोर आत सोडून ठेवा. कागदावरून माणूसच काय कुत्रंसुद्धा वर चढू शकत नाही. लेकरं असलेल्या घरात हे काम सगळ्यात आधी करा, पाणी नंतर भरा.

प्रश्न: मावशी, भोकरदन तालुक्यातला आहे, वय २४. मल्चिंगवर मिरची लावलीय, दीड महिना झाला. बोकड्या यायला लागलाय. दुकानदार दर आठ दिवसाला वेगळं औषध देतोय, मागच्या वेळी चार औषधं एकत्र मारली, पंपाला २५० रुपये खर्च आला, फरक काही नाही. मिरची उपटून टाकू का?

उत्तर: बाळा, उपटू नकोस पण आज सकाळी रानात जा आणि झाडाजवळ बसून पानं बघ. बोकड्या हे एका रोगाचं नाव नाहीच, तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलंय आणि तिथंच सगळा पैसा वाया जातो.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्यात, पान होडीसारखं दिसतंय, तर ते थ्रिप्स म्हणजे फुलकिडे. पानाच्या कडा खाली वळल्यात, होडी पालथी घातल्यासारखी, आणि पानाचा देठ लांबलाय, तर तो कोळी. आणि पान लहान, चुरगळलेलं, पेरं जवळ जवळ, झाडाची वाढच थांबलेली, तर तो व्हायरस, तो पांढऱ्या माशीनं आणलेला असतो. आता बघ, कोळी असेल आणि तू थ्रिप्सचं औषध मारत असशील तर तो कमी होत नाही. काही कीटकनाशकांनी, खास करून पायरेथ्रॉइड गटातल्या, कोळी उलट वाढतो कारण त्याला खाणारे मित्रकिडे मरतात. कोळ्याला कोळीनाशकच लागतं, सुरुवात असेल तर पाण्यात विरघळणारं गंधकसुद्धा काम करतं, फक्त कडक उन्हात मारू नको, पानं करपतात.

आणि व्हायरस असेल तर त्या झाडाला जगातलं कुठलंच औषध नाही. कुणी देतो म्हणाला तरी घेऊ नको. ती झाडं उपट, पिशवीत घाल, रानाबाहेर नेऊन जाळ किंवा पुर. शंभरात पाच-सात झाडं असतील तर आजच काढलीस तर बाकीचं रान वाचेल. बांधावर टाकलीस तर माशी तिथून परत येते. अर्ध्याहून जास्त रान व्हायरसनं गेलं असेल तर मात्र मन घट्ट कर आणि पुढचा खर्च थांबव.

फुलंसुद्धा बघ. एक फूल तळहातावर झटकायचं, काळसर बारीक किडे पळताना दिसले तर थ्रिप्स फुलात शिरलेत. २०२१ ला तेलंगणा आणि आंध्रात बाहेरून आलेल्या नवीन जातीच्या थ्रिप्सनं मिरचीची फुलं खाऊन रानंच्या रानं रिकामी केली होती, तो फुलातच राहायचा आणि लोक पानांवर फवारत बसले. निळे चिकट सापळे थ्रिप्सला, पिवळे पांढऱ्या माशीला, एकरी पंधरा-वीस तरी लाव, त्यानं सगळे मरत नाहीत पण किती आहेत ते कळतं. चार औषधं एकत्र करणं बंद कर, कशानं काय झालं ते कधीच कळत नाही.

पुढच्या वर्षी रोपं घेताना नर्सरीत जाऊन बारीक जाळी आहे का ते स्वतः बघ, व्हायरस बऱ्याचदा रोपातूनच रानात येतो. मल्चिंगची चंदेरी बाजू वर ठेव. लागवडीच्या पंधरा-वीस दिवस आधी रानाच्या कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी दाट पेर, माशी आणि थ्रिप्स आधी तिथं अडतात. तुझं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची मार्केटपासून जवळ असेल तर तुला हे सांगायची गरज नाही की पहिल्या तोड्याच्या हिरव्या मिरचीला तिथं बाहेरचे व्यापारी येतात, म्हणून झाडं लवकर आणि निरोगी असणं एवढंच तुझ्या हातात आहे.

प्रश्न: भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते आणि फवारा आठवड्यातून एकदा मारावाच लागतो. फवारल्यानंतर दुसऱ्या दिवशी तोडली तर चालते का? सगळेच तसं करतात. माझी पाच वर्षांची मुलगी रानात आली की कच्ची भेंडी खाते म्हणून विचारते. (जि. परभणी)

उत्तर: चालत नाही. तुम्ही हा प्रश्न विचारलात त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानते कारण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला फार कमी जणांनी विचारलाय.

औषधाच्या डब्यावर किंवा आतल्या माहितीपत्रकात त्या पिकासाठी फवारणी आणि काढणीच्या मध्ये किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. भेंडीसाठी शिफारसच नसेल तर ते औषध भेंडीवर मारायचंच नाही. डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. माळव्याला लाल आणि पिवळा घरात आणूच नका. मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर वापरायला बंदी आहे, कितीतरी वर्षं झाली, तरी कुणी स्वस्त म्हणून सुचवत असेल तर त्या दुकानाची पायरी चढू नका.

मी करते ते असं. ज्या दिवशी फवारा, त्या दिवशी सकाळी बोटाएवढीसुद्धा भेंडी झाडावर ठेवत नाही, सगळी तोडून घेते आणि संध्याकाळी फवारते. मग डब्यावर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस तोडा विकायचा नाही, मधली भेंडी तोडून फेकून देते कारण झाडावर ठेवली तर जून होते आणि पुढचं फूल कमी येतं. एक तोडा वाया जातो. तो मी खर्चातच धरलेला आहे. म्हणूनच भरात तोडा चालू असताना शक्यतो निंबोळी अर्क आणि बीटीसारखी जैविक औषधंच वापरते आणि रासायनिक फवारे फूल लागायच्या आधी उरकते.

केवड्याचं म्हणाल तर (पानाच्या शिरा पिवळ्या पडतात तो, काही ठिकाणी हळद्या म्हणतात) तोही पांढऱ्या माशीचाच. आपल्या परभणीच्या विद्यापीठानं काढलेली परभणी क्रांती याच रोगाला टक्कर देणारी म्हणून देशभर गेली, तिच्यात रानभेंडीचं रक्त आहे. सरळ वाण आहे, घरचं बी धरता येतं. आता तिच्यावरही केवडा दिसतो, पण घरी खायच्या दहा ओळी मी अजून तिच्याच लावते. तुमच्या मुलीसाठी तशाच दोन ओळी कडेला वेगळ्या लावा आणि तिथं कधीच फवारू नका, तिला तिची जागा दाखवून ठेवा.

प्रश्न: चुनखडीचं रान आहे. वांग्याची आणि मिरचीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. युरिया टाकला तरी फरक नाही. (वसमत)

उत्तर: युरियानं होणार नाही, हे लोहाचं आहे. चुनखडीच्या रानात लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही. तात्पुरतं म्हणून फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड १ ग्रॅम मिसळून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी परत. ठिबकमधून द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेट (झाडाला उचलता येईल असं लोह) घ्या, महाग आहे पण अशा रानात तेच टिकतं, ईडीटीए वालं स्वस्त मिळतं ते चुनखडीत फुकट जातं. पाणी कमी करून बघा, सारखं ओलं राहिलं की जास्त पिवळं पडतं. आणि शेणखत, दरवर्षी, भरपूर.

प्रश्न: फुलकोबीची रोपं एका नर्सरीतून आणली. लिंबाएवढे गड्डे धरले आणि तिथंच थांबले. नर्सरीवाला म्हणतो तुमचंच पाणी चुकलं. पावती नाही. काय करता येईल? (जि. जालना)

उत्तर: पावती नसेल तर करता येण्यासारखं फार कमी आहे, हे तुम्हाला सांगताना वाईट वाटतं. बारीक गड्डे धरणं दोन-तीन कारणांनी होतं. थंडीची जात गरमीत लावली किंवा उलट केलं. रोपं ट्रेमध्ये जास्त दिवस राहिली, पंचवीस-तीस दिवसांचं रोप लावायचं ते पंचेचाळीस दिवसांचं लावलं गेलं. किंवा लावल्यावर सुरुवातीला नत्र आणि पाणी कमी पडलं. पहिली दोन कारणं नर्सरीची, तिसरं आपलं. बांधावर एखादं उपटलेलं रोप असेल, फोटो असतील, रोप आणल्याची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर कुठं बोललेले असाल तर तेवढं जमा करा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, रानात पीक उभं असताना द्या, तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते, मोडून टाकल्यावर कुणी काही सांगू शकत नाही.

यापुढं रोपं बुक करताना जातीचं नाव, लॉट नंबर आणि पेरणीची तारीख पावतीवर लिहूनच घ्या आणि बियाण्याचं रिकामं पाकीट मागून घ्या. देत नसेल तर दुसरी नर्सरी बघा. माझ्या घरी एका डब्यात २०११ पासूनची पाकिटं आहेत, नातू खेळायला मागतो, देत नाही.

प्रश्न: आमच्याकडं अडत्या शेकडा आठ रुपये अडत कापतो, वर दर कॅरेटला दोन किलो कडता (वजनात कपात). हे कायद्यानं बरोबर आहे का? (गावाचं नाव छापू नये.)

उत्तर: २०१६ ला राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. त्यामुळं तुमच्या पट्टीतून अडत कापणं बरोबर नाही. पण बऱ्याच जागी पट्टीवर अडत लिहीतच नाहीत, भावातच कमी धरतात किंवा कच्च्या चिठ्ठीवर हिशेब देतात. म्हणून पहिली लढाई पक्क्या पट्टीची आहे, वजन, भाव आणि प्रत्येक कपात वेगळी लिहिलेली. ती घेऊन बाजार समितीच्या सचिवाकडं लेखी द्या, तिथं दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधकाकडं. एकट्यानं गेलात तर दुसऱ्या दिवशी तुमचा माल हर्राशीत (लिलावात) मागं राहील ही भीती खरी आहे, मी ती अनुभवलीय, म्हणून गावातले आठ-दहा जण मिळून एकाच अर्जावर सह्या करा. आणि घरून निघताना प्रत्येक कॅरेटचं वजन करून वहीत लिहा. काटा आपल्या घरी असला की बोलायला जोर येतो.

प्रश्न: आम्ही बचत गटातल्या चौघी. अंबाजोगाईजवळ दहा गुंठे रान भाड्यानं मिळतंय, विहिरीचं पाणी आहे. पालेभाज्या लावून आठवडी बाजारात स्वतः विकायच्या आहेत. कशी सुरुवात करावी? नवरे म्हणतात दहा गुंठ्यात काय होणार.

उत्तर: दहा गुंठ्यांत खूप काही होतं बायांनो, माझी सुरुवात तर पाच गुंठ्यांवरच झाली आणि त्या पैशातून मोठ्या मुलीची कॉलेजची फी गेली. या सगळ्या पत्रांत मला तुमचंच पत्र जास्त आवडलं, कारण तुम्ही विकायचं कसं ते आधी ठरवलंय.

दहा गुंठ्यांचे सहा तुकडे करा, दर आठवड्याला एकच तुकडा पेरा. मेथी २५-३० दिवसांत येते, पालक ३०-३५, शेपू ३५-४०, कोथिंबीर ४०-४५. पहिला महिना काहीच मिळणार नाही, दुसऱ्या महिन्यापासून दर बाजाराला माल हातात राहील. एकाच दिवशी सगळं पेरलं तर एकाच बाजारात चारशे जुड्या घेऊन बसाल आणि संध्याकाळी पाच रुपयाला तीन द्याल. आंबट चुका आणि करडईची भाजी थोडी थोडी नक्की लावा, मोठे बागायतदार ती लावत नाहीत आणि म्हाताऱ्या बाया शोधत येतात.

कोथिंबिरीचे धने चपलेनं हलकेच रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा, अख्खा धना उगवायला फार दिवस घेतो. मे महिन्यात कोथिंबिरीला सोन्यासारखा भाव येतो कारण उन्हात ती उगवतच नाही, एका तुकड्यावर हिरवी शेडनेट बांधून तेवढीच करा. पावसाळ्यात सपाट वाफ्यात पेरू नका, गादीवाफा करा, २०२५ च्या सप्टेंबरासारखा पाऊस लागला तर तोही पुरणार नाही पण नेहमीच्या पावसाला टिकतो. बाजाराच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर काढा, मुळं धुवा, जुड्या बांधून ओल्या पोत्यात उभ्या ठेवा. पानांवर पाणी मारून दाबून भरलं की रात्रीत आतून सडतं.

चौघींत काम आधी वाटून घ्या, कोण पाणी देणार, कोण बाजारात बसणार, आणि जी बाजारात बसते तिला दिवसाची मजुरी वेगळी द्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तिथूनच भांडण निघतं. वही एकीकडंच ठेवा.

आणि सणांची यादी करून भिंतीला लावा. श्रावणात भाजीचा खप वाढतो, पण चातुर्मासात वांगं न खाणारी घरं अजून आहेत. पितृपक्षात गवार, भेंडी, भोपळा, आळूची पानं जातात, विहिरीच्या पाटाकडेला आळू लावून ठेवा, त्याला काही करावं लागत नाही. भोगीला गाजर, पावटा. आणि तुमच्याकडं येळवस (वेळ अमावस्या). मार्गशीर्ष अमावस्येच्या भज्जीला (त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीला) मेथी, पालक, चुका, कांद्याची पात सगळ्या घरांना एकाच दिवशी लागते, शहरात राहायला गेलेलेसुद्धा त्या दिवशी रानात येतात आणि वाटेत भाजी घेतात. थंडीत मेथीला चार-पाच दिवस जास्त लागतात, म्हणून येळवशीच्या ३४-३५ दिवस आधी दोन तुकडे मेथीचे एकदम पेरा, वर्षातून ही एकच वेळ मी एकदम पेरा म्हणेन. पातीसाठी बारीक कांदे दिवाळी झाली की आठ दिवसांत लावून टाका.